‘३३’ या भागात सायलॉनांना नेमके काय साधायचे होते?

तापीकाठ (जळगाव) यांचा प्रश्न

२००४ साली सुरू झालेल्या ‘बॅटलस्टार गॅलॅक्टिका’ मालिकेचा ‘३३’ हा पहिला भाग मी नुकताच पुन्हा पाहिला. त्यातील लष्करी निर्णयांचा नीट विचार व्हावा असे वाटते, म्हणून इथे मांडतो आहे.

ज्यांनी तो पाहिलेला नाही त्यांच्यासाठी कथानक थोडक्यात असे. सायलॉन या माणसांवर उलटलेल्या यंत्रमानवांनी माणसांच्या बारा वसाहतींचा जो संहार केला त्यातून वाचलेली सुमारे पन्नास हजार माणसे नागरी जहाजांच्या ताफ्यातून पळत आहेत आणि त्यांच्या रक्षणाला ‘गॅलॅक्टिका’ ही एकच युद्धनौका उरली आहे. ताफा अवकाशात उडी मारून नव्या ठिकाणी पोचला की बरोबर ३३ मिनिटांनी सायलॉन तिथे हजर होतात. असे १३० तास चालले आहे आणि २३७ उड्या झाल्या आहेत. पुढच्या उडीत १,३४५ प्रवाशांचे ‘ऑलिंपिक कॅरिअर’ हे जहाज मागे राहते, आणि आश्चर्य म्हणजे त्यानंतर ३३ मिनिटे उलटली तरी शत्रू येत नाही. काही काळाने ते जहाज एकटेच परत येते, थांबण्याचा आदेश जुमानत नाही, त्यावर अण्वस्त्रे असल्याचा इशारा मिळतो, आणि राष्ट्राध्यक्ष रोझलिन यांच्या संमतीने कमांडर ॲडामा ते नष्ट करायला लावतात.

मला दोन गोष्टी विचारायच्या आहेत. ज्या शत्रूने अब्जावधी माणसे एका हल्ल्यात मारली, तो उरलेल्या मूठभरांच्या मागे पाच दिवस असा घड्याळ लावून का फिरतो? आणि पाडण्याचा निर्णय घेताना ॲडामा यांनी शत्रूचा हेतू ओळखला होता, की हेतू न कळताही निर्णय घेणे त्यांना भाग होते?

निवृत्त कंट्रोलर (भुसावळ)

माझी नोकरी रेल्वेच्या कंट्रोलमध्ये गेली, त्यामुळे मी पहिल्या प्रश्नाकडे झोपेच्या बाजूने पाहतो.

१९९७ साली ‘नेचर’ या नियतकालिकात प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात असे दिसून आले होते की सलग सतरा तास जागा असलेला माणूस हात आणि नजर यांचा मेळ लागणाऱ्या कामात, रक्तात ०.०५ टक्के मद्य असलेल्या माणसाइतकाच मागे पडतो. इथे तर पाच दिवस झाले आहेत आणि वैमानिकांना गोळ्या देऊन जागे ठेवले जात आहे. रात्रपाळीत पहाटे तीन ते पाच या वेळेत डोळे उघडे असूनही समोरचे न दिसण्याची जी अवस्था येते, ती ज्याने अनुभवली आहे त्याला त्या कंट्रोल रूममधले चेहरे वेगळे समजावून सांगावे लागत नाहीत. अशा वेळी हात सवयीने चालतात आणि ठरलेले काम बरोबर होतेही, पण ठरल्यापेक्षा वेगळे काही समोर आले की माणूस गडबडतो.

आता ३३ या आकड्याकडे पाहा. मालिकेत त्याचे स्पष्टीकरण दिलेले नाही. परंतु अर्ध्या तासाच्या आसपास झोप लागली तर माणूस गाढ झोपेत शिरू लागतो, आणि नेमके तिथून उठवले तर तो न झोपलेल्यापेक्षाही काही वेळ जड डोक्याने वावरतो. शिवाय त्या ३३ मिनिटांत लढाऊ विमाने परत घ्यायची, इंधन भरायचे, प्रत्येक जहाजाच्या पुढच्या उडीचे गणित करायचे, म्हणजे प्रत्यक्ष विश्रांतीला हाती काही मिनिटेच राहतात. दर पाच मिनिटांनी हल्ला झाला असता तर ताफा पहिल्याच दिवशी कोसळला असता किंवा त्याने दुसरी काही युक्ती शोधली असती, आणि दर सहा तासांनी झाला असता तर माणसे पाळ्या लावून झोपली असती. या दोहोंमधला काळ शत्रूने निवडला आहे. त्यामुळे हा पाठलाग मारण्यासाठी नसून माणसांना कामावर राहू देऊन त्यांची विचारशक्ती खच्ची करण्यासाठी आहे, असे माझे मत आहे.

सातपुडा (शहादा)

कंट्रोलर काकांच्या म्हणण्याशी मी सहमत आहे, पण शत्रूला इतके हुशार ठरवण्याआधी एक साधी शक्यता तपासायला हवी. जहाजावरून मिळणारा माग सायलॉनांपर्यंत पोचायला आणि त्यांना उडीची तयारी करायला कदाचित ३३ मिनिटेच लागत असतील. तसे असेल तर ती त्यांची योजना नव्हे, त्यांची मर्यादा आहे.

इतिहासाची अभ्यासक (धुळे)

सातपुडा यांची शंका रास्त आहे आणि ३३ मिनिटांपुरती ती खोडून काढता येत नाही. मात्र ‘ऑलिंपिक कॅरिअर’च्या परत येण्याने चित्र बदलते.

जहाज मागे राहिले आणि हल्ले थांबले, यावरून माग त्याच जहाजावरून मिळत होता हा तर्क बळकट होतो. ते परत आले, म्हणजे ताफा कुठे उतरला आहे हे ठिकाण त्या जहाजाला ठाऊक होते. उडीचे आकडे सर्वांना आधीच दिलेले असतात. जहाज सायलॉनांच्या हाती पडले असेल तर तेच ठिकाण सायलॉनांनाही कळले असणार. मग त्यांनी ठरलेल्या वेळी पूर्ण बळानिशी तिथे का धडक मारली नाही? माझ्या मते याचे उत्तर मागच्या २३७ वेळांच्या अनुभवात आहे. सायलॉन उघडपणे आले की गॅलॅक्टिका आडवी उभी राहते, नागरी जहाजे उडी मारतात आणि शेवटी गॅलॅक्टिकाही निसटते. या पद्धतीला बाहेरून छेद देता येत नाही. अण्वस्त्र ताफ्याच्या मधोमध न्यायचे असेल तर ते ओळखीच्या, हरवलेल्या आणि सर्वांना परत हव्या असलेल्या जहाजातूनच न्यावे लागेल. ते न तपासता आत घेतले जावे यासाठी पहारेकरी आधी पाच दिवस जागा ठेवलेला आहे.

आपल्या खानदेशाच्या इतिहासात याच्याशी ताडून पाहता येईल असा प्रसंग आहे. १६०० साली अकबराने फारुकी सुलतानांचे बुऱ्हाणपूर घेतले, परंतु असीरगड अनेक महिने झुंजत राहिला आणि जानेवारी १६०१ मध्ये पडला. तो तोफांपुढे पडला नाही, एवढे समकालीन वृत्तांत वाचल्यावर नक्की म्हणता येते. पुढे मतभेद आहेत. अबुल फजल गडातील रोगराईला महत्त्व देतो, तर जेझुइट पाद्र्यांच्या वृत्तांतानुसार गडावरील फारुकी सुलतान बहादूरशहाला अभय देऊन बाहेर बोलावले, मग अडकवून ठेवले आणि गडावरील अधिकाऱ्यांना पैसे देऊन फोडले. दोन्ही वृत्तांत विजेत्याच्या छावणीत असलेल्यांचे आहेत, हेही विसरता कामा नये. पण दोन्ही खरे मानले तरी क्रम तोच राहतो: वेढ्याने आतली माणसे आधी थकली आणि मग आतूनच वाट मोकळी झाली.

दुसऱ्या महायुद्धात सोव्हिएत महिला वैमानिक पो-२ ही जुनी, संथ विमाने घेऊन रात्रभर एकापाठोपाठ एक जर्मन ठाण्यांवर जात आणि इंजिन बंद करून तरंगत येत बॉम्ब टाकत. बॉम्बहल्ल्याच्या नुकसानीइतकेच महत्त्व शत्रूची झोप उडवण्याला होते. झोप हे लष्करी लक्ष्य आहे, ही कल्पना काही पटकथाकाराने नव्याने काढलेली नाही.

तापीकाठ (जळगाव)

ताईंचा ‘आत कसे शिरायचे’ हा मुद्दा माझ्या लक्षात आला नव्हता, आणि आता तो भाग वेगळाच दिसू लागला आहे. माझा दुसरा प्रश्न मात्र उरतोच. अण्वस्त्रांचा इशारा मिळाला असला तरी ती १,३४५ माणसे आत आहेत की नाहीत, हे कोणालाच ठाऊक नव्हते. गॅलॅक्टिकाचा लढाऊ वैमानिक ॲपोलो जहाजाच्या खिडक्यांजवळून जातो तेव्हा त्यालाही नक्की काही कळत नाही.

वकील (चाळीसगाव)

हा मुद्दा कायद्यापुढे प्रत्यक्ष आलेला आहे. जर्मनीने जानेवारी २००५ मध्ये असा कायदा केला की शस्त्र म्हणून वापरले जाणारे अपहृत प्रवासी विमान लष्कराला पाडता येईल. फेब्रुवारी २००६ मध्ये तिथल्या घटनात्मक न्यायालयाने ती तरतूद रद्द केली, कारण निरपराध प्रवाशांना इतरांना वाचवण्याचे साधन मानणे मानवी प्रतिष्ठेच्या विरुद्ध ठरते. आपल्याकडे त्याच वर्षी, म्हणजे २००५ साली, केंद्र सरकारने मंजूर केलेल्या अपहरणविरोधी धोरणात मात्र अशा विमानाला पाडण्याची मुभा ठेवली. दोन लोकशाही देश, एकच प्रश्न आणि उलट उत्तरे. त्यामुळे रोझलिन चुकल्या असे मला एका वाक्यात म्हणवत नाही.

मला जास्त अस्वस्थ करते ती सल्ल्याची बाजू. त्या जहाजावर डॉ. अमारक नावाचे गृहस्थ होते आणि वसाहतींचा घात कोणी केला याविषयी ते राष्ट्राध्यक्षांना भेटू इच्छित होते. संरक्षण यंत्रणेची दारे सायलॉनांना प्रत्यक्षात उघडून देणारा डॉ. बाल्टार त्या वेळी राष्ट्राध्यक्षांच्या शेजारी विज्ञान सल्लागार म्हणून बसला होता, आणि जहाजात शत्रू शिरला असावा, ते नष्ट करावे, असे तोच सांगत होता. त्याचा सल्ला लष्करीदृष्ट्या योग्य असेलही, परंतु सल्ला देणाऱ्याचा स्वार्थ आणि सल्ल्याचा खरेपणा या दोन गोष्टी त्या खोलीत कोणालाही वेगळ्या करता आल्या नाहीत. न्यायालयात अशा साक्षीदाराला उलटतपासणीला सामोरे जावे लागते. तिथे उलटतपासणी करील इतका जागा माणूस नव्हता.

ॲडामा यांच्या बाजूने एवढेच म्हणेन की त्यांनी हेतूवर बोट ठेवून निर्णय घेतला नाही. जहाज थांबत नाही, अण्वस्त्रे आहेत आणि ते आत येत आहे, या तीन गोष्टी हेतू कोणताही असला तरी बदलत नाहीत. सेनापतीने शत्रू काय करू शकतो यावर चालावे आणि काय करू इच्छितो याचा अभ्यास नंतर करावा, हे मला पटते.

सातपुडा (शहादा)

मग तिसरा मार्ग का नको? पुढचे ठिकाण ‘ऑलिंपिक कॅरिअर’ला न कळवता सगळ्या ताफ्याने उडी मारायची. जहाज मागे राहील, पण पाडावे लागणार नाही. माग बंद होतोच आणि गोळीही झाडावी लागत नाही.

निवृत्त कंट्रोलर (भुसावळ)

भाऊ, कागदावर हा मार्ग चांगला आहे. अडचण वेळेची आहे. संपूर्ण ताफा एका क्षणात उडत नाही. नागरी जहाजे पुढे जातात, गॅलॅक्टिका सर्वांत शेवटी निघते, आणि तेवढ्यात अण्वस्त्रे घेतलेले जहाज जवळ येत राहते. एकही जहाज रेंगाळले की स्फोट ताफ्यात होणार. शिवाय मागे सोडलेली माणसे जिवंत असली तर ती सायलॉनांच्या हाती पडणार, हेही गृहीत धरावे लागते.

तरीही हा पर्याय तिथे पुरेसा तपासला गेला असे दिसत नाही, आणि मला त्याचे कारण थकव्यातच दिसते. जहाज परत आल्यापासून आदेश निघेपर्यंत सारी चर्चा पाडायचे की आत घ्यायचे एवढ्यावरच फिरते. थकलेल्या माणसापुढे दोन वाटा ठेवल्या तर तो त्या दोनांतूनच एक निवडतो. तिसरी वाट विचारायला बाहेरून, झोप घेऊन ताजातवाना होऊन आलेला कोणीतरी लागतो. कंट्रोलमध्ये मोठा अपघात झाला की आम्ही पहिल्यांदा चार्ज बदलायचो, आणि रात्रभर बसलेल्याला, तो कितीही हुशार असला तरी, टेबलावरून उठवायचो. ॲडामा यांच्याकडे चार्ज द्यायला दुसरा माणूसच नव्हता. त्यांचे दुय्यम अधिकारी कर्नल टायही तितकेच जागे होते.