मदत हवी आहे : नववीची मुलं इंग्रजी बोलायला तोंडच उघडत नाहीत

नमस्कार मंडळी. मी सातारा जिल्ह्यात मराठी माध्यमाच्या शाळेत नववी-दहावीला इंग्रजी शिकवते. वर्गात ५२ मुलं, तास ३५ मिनिटांचा.

२००० सालापासून आपल्याकडे पहिलीपासूनच इंग्रजी आहे, म्हणजे ही मुलं आठ वर्षं इंग्रजी शिकून माझ्याकडे येतात. धडा वाचतात, प्रश्नोत्तरं पाठ करतात. पण 'काल काय केलंस?' एवढं इंग्रजीत विचारलं की माना खाली.

परवा एका मुलीची वही पाहिली. प्रत्येक इंग्रजी शब्दावर पेन्सिलने बारीक देवनागरीत उच्चार लिहिलेला. किती मेहनत घेतली होती तिने! वाचायला उभी राहिली आणि 'आय डिड नॉट वेन्ट' म्हणाली. मागचा बाक हसला. त्यानंतर आठवडाभर तिने हात वर केलेला नाही. मला हे फार लागलंय. या वयात चारचौघांत झालेलं हसं मुलं विसरत नाहीत.

चूक लगेच सुधारणं मी आता थांबवलंय. जोड्या करून बोलायला लावलं, तर दोन मिनिटांत सगळे मराठीवर येतात आणि शेजारच्या वर्गातून निरोप येतो.

एवढ्या मोठ्या वर्गात बोलण्याचा सराव तुम्ही कसा घेता? मराठीला किती मुभा देता? आणि हसणाऱ्या मुलांना न दुखावता कसं आवरता? दहावीला ८० गुण लेखी परीक्षेचे असल्यामुळे पालकांना लेखनच हवं असतं, त्यांना काय सांगता? स्वतः करून पाहिलेलं काही असेल तर कृपया सविस्तर लिहा.