मदत हवी आहे: हिरड्याच्या कंपनीत अनिवासी भारतीयाची गुंतवणूक

जुन्नरच्या पश्चिम पट्ट्यात आमची उत्पादक कंपनी बाळहिरडा (हिरड्याची कोवळी, औषधी फळं) गोळा करते. फांद्या न तोडता हाताने खुडलेला, वाळून काळा कुळकुळीत झालेला माल; व्यापारी मात्र सगळ्याला एकच भाव लावतो. म्हणून प्रतवारी आणि चूर्ण गावातच करायचंय.

बँक तारण मागते. उत्पादक कंपनीचे शेअर बाहेरच्याला देता येत नाहीत, त्यामुळे वेगळी प्रायव्हेट लिमिटेड काढायचं ठरतंय. दुबईतले एक गुंतवणूकदार २० टक्के घ्यायला तयार आहेत. पासपोर्ट भारतीय, पण अनिवासी. निर्यात करायची नाही. सामूहिक वनहक्क आहेत, ग्रामसभेचा ठरावही झालाय. अनुदानाच्या योजना कृपया सुचवू नका, त्या बघून झाल्यात.

सीएंना फेमा (परकीय चलनाचा कायदा) नीट कळतो, जैवविविधता कायद्यावर त्यांनी हात वर केले. मी वाचलं त्यानुसार असा माल व्यापारासाठी वापरण्याआधी भारतीय कंपनीने त्या कायद्याच्या कलम ७ खाली नागपूरच्या राज्य जैवविविधता मंडळाला कळवायचं, कलम ३ मधल्यांनी (परदेशी, अनिवासी वगैरे) चेन्नईच्या राष्ट्रीय जैवविविधता प्राधिकरणाची परवानगी घ्यायची. २०२३ च्या दुरुस्तीनंतर कंपनीसाठी परकीय नियंत्रण हा निकष आलाय; पण अनिवासी व्यक्तीचा उल्लेख कलम ३ मध्ये वेगळा आहेच.

मग नियंत्रण आमच्याकडे असताना केवळ या २० टक्क्यांमुळे कंपनीला चेन्नईला जावं लागेल का? कुणी प्रत्यक्ष अर्ज केलाय का?