बुडापेस्टचा वीकेंड: तुम्ही कसा आखलात? (अनुभव लिहा)

नमस्कार मंडळी. आम्ही म्युनिकजवळ राहतो, जूनमध्ये आई-बाबा पुण्याहून येतायत आणि त्यांना घेऊन एक वीकेंड बुडापेस्टला जायचं ठरलंय, शुक्रवारी रात्री पोचायचं आणि रविवारी संध्याकाळी परत. शेंगेन व्हिसा आहे त्यामुळे हंगेरीसाठी वेगळं काही लागत नाही, तो प्रश्न मिटला. पण नेटवरच्या याद्या वाचून डोकं गरगरतंय, एवढं सगळं दोन दिवसात कोण बघतं? म्हणून ज्यांनी खरंच केलंय त्यांनी लिहा. काय बघितलंत, काय सोडलंत, ज्येष्ठांना काय झेपलं, शाकाहारी लोकांनी काय खाल्लं. लांबलचक लिहिलंत तरी चालेल.

व्हिएन्नाहून

आमच्याकडून रेल्वेनं साधारण पावणेतीन तास लागतात, त्यामुळे कोणीही पाहुणे आले की बुडापेस्ट ठरलेलंच. माझा एकच नियम आहे, एका दिवशी नदीचा एकच काठ. बुडा, ओबुडा आणि पेश्त ही १८७३ पर्यंत वेगवेगळी गावं होती आणि ते अजून जाणवतं, बुडा म्हणजे टेकड्या, किल्ला, चढउतार आणि पेश्त सपाट, मोठे रस्ते, कॅफे. दोन्हीकडे सारखं ये-जा करत बसलात की अर्धा दिवस पुलावरच जातो.

आणि वार महत्त्वाचा! शनिवारी बुडा, रविवारी पेश्त, उलटं करू नका. कारण किल्ल्यावरच्या माट्याश चर्चमध्ये रविवारी सकाळी प्रार्थना असते, पर्यटकांना दुपारनंतर सोडतात, आणि पेश्तमधलं दोहान्य रस्त्यावरचं मोठं सिनेगॉग, म्हणजे ज्यूंचं प्रार्थनास्थळ, शनिवारी बंद असतं, तो त्यांचा शब्बाथ, विश्रांतीचा वार. हे दोन्ही नीट जुळवलं की बाकीचं आपोआप बसतं. किल्ल्यावर चढत जायची गरज नाही, पेश्तच्या मध्यावरच्या डेआक चौकातून १६ नंबरची बस थेट वर नेते. फिशरमन्स बॅस्टियनला, म्हणजे किल्ल्यावरच्या बुरुजांच्या सज्ज्यावर, सकाळी आठच्या आत पोचा, खाली डॅन्यूब आणि समोर पार्लमेंट, आणि गर्दी जवळजवळ नाही. दहानंतर तिथे उभं राहायला जागा मिळत नाही.

फ्रँकफर्टहून, सासूसासऱ्यांना घेऊन गेलेली

वरच्या सगळ्याला अनुमोदन. मी फक्त पार्लमेंटबद्दल लिहिते कारण तिथेच लोक अडकतात. आतून बघायचं असेल तर तिकीट ऑनलाइन आधीच काढा, वीकेंडच्या इंग्रजी टूर फार लवकर भरतात, तिथे जाऊन मिळेल या भरवशावर राहू नका. युरोपियन युनियनच्या नागरिकांना दर कमी आहे, आपल्या भारतीय पासपोर्टवर जास्त पडतात, तरी द्या, पैसे वसूल होतात. टूर पाऊण तासाची आहे पण जिने आहेत, गुडघ्यांचा त्रास असेल तर बुकिंगच्या वेळीच लिफ्टबद्दल विचारून घ्या.

घुमटाखाली हंगेरीचा जुना राजमुकुट ठेवलाय, वरचा क्रॉस वाकडा झालेला आणि शेजारी तलवारधारी पहारेकरी. दुसऱ्या महायुद्धानंतर तो मुकुट अमेरिकेकडे होता आणि १९७८ साली परत आला, हे गाईडने सांगितलं तेव्हा सासरे एकदम सरसावून बसले, पुढे संध्याकाळभर त्यावरच बोलत होते. घुमटाची उंची ९६ मीटर, सेंट स्टीफन बॅसिलिकाचीही तेवढीच, कारण मग्यार म्हणजे हंगेरियन लोक इथे आले ते साल ८९६ धरतात, त्यातलाच हा ९६. त्या दालनात फोटो काढू देत नाहीत, तर नुसतं डोळे भरून बघा.

डब्लिनहून

आमचा अनुभव गरम पाण्याच्या सार्वजनिक बाथचा. आईला आधी अजिबात पटत नव्हतं, एवढ्या लोकांसमोर पाण्यात कशी उतरू वगैरे. आम्ही तिला पूर्ण बाह्यांचा आणि लेगिंगवाला पोहण्याचा ड्रेस घेतला, पोहण्याच्या कापडाचा असला की अडवत नाहीत, साधे सुती कपडे मात्र चालत नाहीत. सेचेन्यी बाथला गेलो. ही इमारत १९१३ ची, पिवळीधमक, मध्ये मोठे उघडे कुंड आणि त्यात आजोबा लोक पाण्यात उभे राहून बुद्धिबळ खेळत असतात! आई सुरुवातीला काठावर बसली होती, मग पाय सोडले आणि नंतर तिला बाहेर काढताना आमच्या नाकी नऊ आले. त्या रात्री गुडघे दुखले नाहीत म्हणाली. टॉवेल आणि स्लिपर घरून न्या, तिथे विकत घ्यायला महाग पडतं. सकाळी लवकर जा.

तिथे जाताना मेट्रोची एम१ लाईनच घ्या, व्होरोश्मार्ती चौकातून थेट बाथच्या दारात. १८९६ ची लाईन आहे, युरोप खंडाच्या मुख्य भूमीवरची पहिली भुयारी रेल्वे. जमिनीपासून अगदी थोड्याच पायऱ्या खाली, त्यामुळे वयस्कर माणसांना सोपी, आणि लोखंडी खांबांची छोटी स्टेशनं इतकी गोड आहेत की वडिलांनी प्रत्येक स्टेशनचा फोटो काढला.

आमच्यासारखे आयर्लंडहून किंवा यूकेहून भारतीय पासपोर्टवर जाणारे, तुम्हाला शेंगेन व्हिसा लागतोच, अपॉइंटमेंट खूप आधी बघा. वीकेंडचं प्लॅनिंग तिथूनच सुरू होतं.

स्टुटगार्टहून, दोन मुलांची आई

मुलं बरोबर असतील तर बाथचे वयाचे नियम आधी वाचा, १४ वर्षांखालच्यांना औषधी गरम पाण्यात सोडत नाहीत. त्याऐवजी बुडाच्या टेकड्यांवरची मुलांची रेल्वे! १९४८ पासून चालू आहे, सुमारे ११ किलोमीटरचा जंगलातला मार्ग, आणि तिकीट देणं, सिग्नल, सलाम ठोकून गाडी सोडणं हे सगळं १० ते १४ वर्षांची शाळेतली मुलं करतात, इंजिन फक्त मोठी माणसं चालवतात. माझ्या लेकीने तिच्याच वयाच्या मुलीकडून तिकीट घेतलं आणि तिचा चेहरा बघण्यासारखा होता. अर्धा दिवस जातो, पण तो दिलेला बरा. त्यासाठी आम्ही म्युझियम सगळी सोडली, मला त्याचं काहीच वाटलं नाही.

प्रागहून, शुद्ध शाकाहारी

खाण्याचं सांगतो. गुलाश म्हणजे बीफ, बीन सूपमध्येही बहुतेक वेळा स्मोक्ड मांस असतं, त्यामुळे फक्त नावावर जाऊ नका, प्रत्येक वेळी विचारा. लांगोश खा, तळलेली गरम पोळी, वर लसूण, आंबट क्रीम आणि किसलेलं चीज, पण काही ठिकाणी डुकराच्या चरबीत तळतात तेही विचारून घ्या. फोझेलेक नावाचा प्रकार आहे, भाजी घट्ट शिजवलेली, मसुराचा मिळतो तो आपल्या घट्ट आमटीसारखा लागतो, वर मांसाचा तुकडा नको म्हणून आधीच सांगायचं. उन्हाळ्यात आंबट चेरीचं थंड सूप मिळतं, बाबांना नक्की आवडेल. क्युर्तोशकलाच, म्हणजे दांड्याला गुंडाळलेला गोड पाव, निखाऱ्यावर भाजताना बघून मग घ्या.

पैसे: चलन फोरिंट आहे, युरो नाही. काही दुकानं युरो घेतात पण दर वाईट देतात. एटीएम "तुमच्या चलनात बदलून देऊ का" विचारतं तेव्हा नाही म्हणा, फोरिंटमध्येच काढा, आणि शक्यतो बँकेच्या भिंतीतलंच एटीएम वापरा. विमानतळावरून १००ई बस थेट डेआक चौकात येते, तिला वेगळं तिकीट लागतं, नेहमीचा पास चालत नाही. कागदी तिकीट असेल तर मेट्रोत शिरतानाच मशीनमध्ये पंच करा, तपासनीस तिथेच उभे असतात आणि पर्यटक म्हणून सोडत नाहीत.

बर्लिनहून, जेजेची माजी विद्यार्थिनी

मी थोडं वेगळं लिहिते. चित्रकार अमृता शेरगिल याच शहरात जन्मली, ३० जानेवारी १९१३. आई हंगेरियन, वडील पंजाबी, बालपणाची पहिली आठ वर्षं हंगेरीतच गेली. कॉलेजात तिची चित्रं बघून मी वाढले, त्यामुळे किल्ल्यावरच्या राष्ट्रीय कलादालनात तिच्या आधीचे आणि तिच्या काळातले हंगेरियन चित्रकार बघताना मला तिचे तपकिरी आणि लाल रंग नव्याने कळले. चित्रांची आवड असेल तर शनिवारच्या बुडाच्या दिवसात दोन तास ह्याला द्याच.

आणि रविवारी सिनेगॉग बघाल तेव्हा मागचं अंगण चुकवू नका. १९४४-४५ च्या हिवाळ्यात घेट्टोत, म्हणजे ज्यूंना कोंडून ठेवलेल्या वस्तीत, मेलेल्या दोन हजारांवर लोकांना तिथेच पुरलंय, शेजारी धातूचा विलो वृक्ष आहे आणि त्याच्या पानापानावर नावं. मग पार्लमेंटच्या जवळ नदीकाठी लोखंडी बुटांचे ६० जोड आहेत, २००५ मध्ये बसवलेले. अ‍ॅरो क्रॉस या हंगेरियन फॅसिस्ट पक्षाचे लोक ज्यूंना काठावर उभं करायचे, बूट काढायला लावायचे आणि गोळ्या घालून नदीत ढकलायचे. त्यात लहान मुलांचे बूटही आहेत. काही लोक तिथे बुटात पाय घालून सेल्फी काढतात, मला ते बघवत नाही. कृपया आपल्यातल्या कोणी करू नका, आणि मुलांना घेऊन गेलात तर आधी दोन वाक्यात काय झालं ते सांगा.

परत व्हिएन्नाहून

एक राहिलं. हॉटेल डेआक चौकाच्या आसपास घ्या, तीन मेट्रो लाईन तिथेच भेटतात आणि १००ई पण तिथेच येते, ज्येष्ठांना बॅगा घेऊन फिरावं लागत नाही. रात्री दोन नंबरची ट्राम पेश्तच्या काठाने घ्या, पार्लमेंट आणि किल्ला दोन्ही दिवे लागलेले बसल्या जागी दिसतात, क्रूझ नाही केली तरी चालतं. २० ऑगस्टचा वीकेंड मात्र टाळा, राष्ट्रीय सण असतो, आतषबाजी मोठी पण काठावर पाय ठेवायला जागा नसते आणि हॉटेलं दुप्पट. जूनच बरा, फक्त दुपारी ऊन चढतं, त्या वेळात आई-बाबांना खोलीवर झोपू द्या आणि संध्याकाळी मार्गित बेटावर न्या. गाड्यांना बंदी आहे आणि बाकं भरपूर.