मदत हवी आहे: यूपीआयचा पिन केव्हा टाकायचा नाही, हे आठवीच्या मुलांना कसं शिकवता?

नमस्कार. गोव्यातल्या सत्तरी तालुक्यातल्या एका हायस्कुलात मी शिकवते. आठवीत ३१ मुलं आहेत.

यंदा काजूच्या हंगामात वर्गातल्या एका मुलीच्या बाबांना फोन आला. बिया घेतो, आगाऊ पैसे पाठवतो, फक्त हा क्यूआर स्कॅन करा. बाबांनी मोबाईल तिच्या हातात दिला, कारण घरात मोबाईल कळतो तो तिलाच. तिनं स्कॅन केलं, पिन टाकला आणि साडेसहा हजार गेले. चार दिवस ती वर्गात कुणाशी बोलली नाही. १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा क्रमांक त्या घरात ठाऊकच नव्हता. लगेच फोन केला तर पैसे वाटेत अडवता येण्याची थोडी तरी आशा असते. यांनी केला तो पाचव्या दिवशी.

यूपीआयवर पैसे घ्यायला पिन लागतच नाही. एवढं एक वाक्य मी आधी का शिकवलं नाही, हे मनातून जात नाही. संगणकाच्या तासाला टायपिंग होतं, थोडं कोडिंग होतं. पण घरचे व्यवहार या मुलांच्या हातून होतात, हे आम्ही धरलंच नव्हतं.

आता मी फोनवरचे पडदे कागदावर काढून नेते आणि विचारते, ‘पयशे येतात काय वतात?’ (पैसे येतात की जातात?) कागदावर सगळी बरोबर सांगतात. मग मी खोट्या फोनवर ‘लवकर कर, दुसरा गिऱ्हाईक थांबलाय’ अशी घाई केली, तर निम्म्या मुलांनी पिनच्या चौकटीवर बोट ठेवलं! घरी कोंकणी, शाळेत मराठी, पडद्यावर इंग्रजी. मुलं ‘पे’ हा शब्द वाचतच नाहीत, बटणाच्या जागेवरून पुढे जातात. माझ्या मते खरी अडचण इथे आहे.

शाळेत फोन आणायला परवानगी नाही, म्हणून सराव कागदावरच करावा लागेल. घाईतही थांबून वाचायची सवय लागेल असा खेळ कुणी घेतलाय का? तो घेताना त्या मुलीला परत सगळं आठवू नये, यासाठी काय सांभाळू? शिवाय गणेश चवथीच्या सुटीआधी पालकांना बोलवणार आहे. त्यांच्यासाठी कोंकणीत एक पानभर मजकूर कुणाकडे असेल तर कृपया इथेच टाका.