मदत हवी आहे: आठवड्याची गोळी रोज लिहून दिली, दाद कुठे मागायची?

आईला आमवात आहे. मेथोट्रेक्सेट आठवड्यातून एकदाच घ्यायची असते. डिस्चार्ज कार्डावर मात्र ‘रोज रात्री १’ असं ठळक लिहिलंय (नेमकं तेवढंच अक्षर वाचता येतं!). तोंडभर फोड आले, पांढऱ्या पेशी घसरल्या, शेवटी आयसीयू. आता सावरली आहे, पण डॉक्टर म्हणतात, ‘आजारच तसा आहे.’ केस पेपर लेखी मागितले. ७२ तासांत द्यायचा नियम असूनही नुसती टोलवाटोलवी चालू आहे.

ग्राहक आयोगात २ वर्षांच्या आत तक्रार करावी लागते एवढं ठाऊक आहे. ही मुदत चूक झाली तेव्हापासून धरतात की कळली तेव्हापासून? दुसऱ्या डॉक्टरांचं लेखी मत सुरुवातीलाच जोडावं लागतं का? पुण्यात अशी प्रकरणं चालवणारे वकील कुणाच्या माहितीत असतील तर कृपया मेसेज करा.