मदत हवी आहे: पायथनने बनवलेल्या व्हिडिओत लांब मराठी ओळी नीट मोडून मधोमध कशा बसवायच्या?

नमस्कार मंडळी,

माझी आजी भोर तालुक्यातली. तिच्या जात्यावरच्या 43 ओव्या मी रेकॉर्ड केल्यात. प्रत्येकीचा उभा व्हिडिओ (1080 × 1920) करतोय: मागे जात्याचा फोटो, वर ओवीचे शब्द. मजकूर पिलोने (पायथनची चित्रे बनवणारी लायब्ररी) चित्रात काढतो आणि एफएफएमपेगने (व्हिडिओ-आवाज जोडणारे साधन) आवाज जोडतो. आधी एफएफएमपेगचाच ड्रॉटेक्स्ट (व्हिडिओवर मजकूर लिहिणारा फिल्टर) वापरला होता, पण तो लांब ओळ आपणहून मोडत नाही, शब्द सरळ चौकटीबाहेर जातात.

मग पायथनच्या टेक्स्टरॅपने (ओळी तोडणारे मॉड्यूल) 24 अक्षरांवर ओळ तोडली. तिथे फसगत झाली. ‘घरदार’ आणि ‘विठ्ठलाच्या’ दोन्ही आपल्या लेखी चार अक्षरांचे शब्द, पण पायथन पहिल्याचे 5 मोजतो आणि दुसऱ्याचे 11, कारण काना, वेलांटी, हलन्त सगळे त्याच्या हिशोबात वेगळे. जोडाक्षरे जास्त असलेली ओळ अर्ध्यातच तुटायची.

आता मुक्ता फॉन्टमध्ये, 72 आकारात, शब्दागणिक पिक्सेल मोजतो आणि 900 च्या पुढे गेले की ओळ तोडतो. सुरुवातीला ‘वि’ची वेलांटी ‘व’च्या उजवीकडे पडत होती आणि ‘ठ्ठ’ सुटा दिसत होता. पिलोला राक्म (अक्षरे जुळवणारी) लायब्ररी मिळत नव्हती, ती बसवल्यावर अक्षरे जुळली आणि मापेही बरोबर आली. ज्यांची जोडाक्षरे फुटतात त्यांनी आधी हेच तपासा.

अडलंय ते इथे.

आजी जिथे श्वास घेते तिथे मी मजकुरात दंड (।) टाकून ठेवलाय. ओळ शक्यतो तिथेच मोडायला हवी. पण दोन दंडांमधला तुकडा 900 पिक्सेलपेक्षा मोठा असला की पहिली ओळ काठोकाठ भरते आणि खाली एकटा ‘बाई’ उरतो. तुकड्याच्या दोन्ही ओळी साधारण सारख्या लांबीच्या कशा करायच्या?

दुसरं, उभ्या दिशेने मध्य काढायला मी मजकुराच्या चौकटीची उंची घेतो. शेवटच्या ओळीत उकार नसला की चौकट लहान होते आणि सगळा मजकूर थोडा खाली सरकतो. एका कडव्यावरून दुसऱ्यावर जाताना शब्द हलल्यासारखे दिसतात. आजीची नजर अधू आहे, तिला त्याचा त्रास होतो. चौकटीऐवजी फॉन्टची ठरीव उंची, म्हणजे असेंट आणि डिसेंट (ओळीच्या तळरेषेच्या वरची आणि खालची उंची), धरून मध्य काढावा का?

की हे सगळं सोडून उपशीर्षकांच्या एएसएस फाइलकडे वळू? तिथे वळणाची शैली (ओळ कशी मोडायची ते ठरवणारी सेटिंग) 0 ठेवली की ओळी समतोल मोडतात, 5 क्रमांकाचे संरेखन दिले की मजकूर मधोमध येतो. पण दंडाच्या जागी सक्तीने ओळ तोडली तर उरलेल्या तुकड्यांचा समतोल टिकतो का? मराठीत कोणी करून पाहिलंय?

आषाढीच्या आत सगळे व्हिडिओ पूर्ण करून आजीला दाखवायचे आहेत. कोणाला प्रयोग करायचा असेल तर दंडांसकट एका ओवीचा मजकूर लगेच टाकतो.