मिलाग्रिसची फेरी आणि पावसाळ्याचं पुरुमेंत: आमच्या घरच्या ग्रुपवर सोमवारी रात्री

म्हापशाची आत्या: आत्ता घरी टेकले. सकाळी चर्चमध्ये मिलाग्रिस सायबिणीला तेल वाहिलं, दुपारी जरा पडले आणि ऊन उतरल्यावर परत फेरीत, म्हणजे तिथल्या जत्रेच्या बाजारात गेले. आईच्या नावाचं तेल वेगळं वाहिलंय. दादा, तिला सांग.

बेळगावचा दादा: सांगितलं. हात जोडले तिने. विचारतेय रांग होती का.

म्हापशाची आत्या: रांग नाही असं कधी झालंय का? माझ्या पुढे झगा घातलेली म्हातारी, हातात मेणबत्ती. मागे डिचोलीकडचं कुटुंब, बायकांच्या केसांत अबोली, प्रत्येकीच्या हातात तेलाची बाटली. म्हातारीला उभं राहवेना, तर मागच्या सुनेने तिला दंडाला धरून पुढे नेलं. दोघी एकमेकींना ओळखतही नव्हत्या.

पुण्याची चिऊ: आत्या, लहानपणापासून बघतेय पण नीट कधी विचारलं नाही. आपण चर्चमध्ये तेल का वाहतो?

म्हापशाची आत्या: अगं, ती आपली मिराबाय. इकडे सगळे मानतात की या बहिणी-बहिणी. शिरगावची लईराई, मुळगावची केळबाय, मयेची महामाया, मोरजीची मोरजाय आणि म्हापशाची मिराबाय, म्हणजेच मिलाग्रिस. खेतोबा त्यांचा भाऊ. शिरगावच्या जत्रेला म्हापशाहून लईराईसाठी मोगरीची फुलं जातात आणि मिलाग्रिसच्या फेस्ताला, म्हणजे चर्चच्या सणाला, लईराईकडून तेल येतं. बहीण बहिणीला भेट पाठवते तसं. चर्च १५९४ सालचं, सेंट जेरोमचं. पण फेरीला निघालेल्या कुणालाही विचार, तो ‘मिलाग्रिसला चाललो’ असंच सांगणार. ईस्टरनंतरचा तिसरा सोमवार म्हणजे फेस्त, एवढं ध्यानात ठेव.

सावंतवाडीचे नाना: गे बाय, ता सगळा खरा. माझो गोलमो हाडलंस काय?

म्हापशाची आत्या: हाडलंय नाना. दोन पायली. तुमच्यासाठी आधी तोच घेतला.

सावंतवाडीचे नाना: देव बरा करो.

चिऊ: गोलमो म्हणजे सुकट ना? पुण्यात पाकिटात मिळते की.

म्हापशाची आत्या: मिळते गं. पण पाकिटाला वास घेता येत नाही, बोट लावता येत नाही. मागच्या वर्षी मी घाई केली. अंधार पडला होता, एका कोपऱ्यातल्या दुकानातून खारे बांगडे न बघता उचलले. जुलैत डबा उघडला तर बुरशी. ऐन मासेबंदीत, १ जूनपासून ३१ जुलैपर्यंत ट्रॉलर बंद असतात तेव्हाच. फार जीवाला लागलं. यंदा उजेडात गेले. तिथे हणजुण्याकडची एक बाई बसते, पाटीवर गोणपाट पसरून. तिनेच शिकवलं. बांगडा पोटाकडून उघडायचा आणि मधल्या काट्याजवळ अंगठ्याने दाबायचा. बाहेरून कितीही कडक असला तरी ओल राहते ती काट्याशी. अंगठा जरा जरी रुतला तर परत ठेवायचा. माझ्यादेखत तिने स्वतःच्या पाटीतले चार बांगडे बाजूला काढले, ‘हे व्हरूं नाका’, नेऊ नका म्हणाली. अशा बाईशी घासाघीस करायची नसते. मी केली नाही.

दादा: आई म्हणतेय कांदे बघून घेतलेस का. मान वाळलेली हवी.

म्हापशाची आत्या: घेतले आई. तीन माळा. मान चिमटीत धरून बघितली, कागदासारखी वाजते. स्वयंपाकघरात चुलीच्या वरच्या वाशाला टांगल्यात, तू टांगायचीस तिथेच.

मडगावची वहिनी: मिरच्या कुठल्या घेतल्या वन्सं?

म्हापशाची आत्या: हरमलची तिखटाला, रंगासाठी काणकोणकडची खोल्याची. देठासकट घेतल्या, देठ काढलेली मिरची लवकर किडते. सोलां, म्हणजे आमसुलं पण मिळाली, काळसर, मऊ. चिंच मात्र मनासारखी नव्हती, ती शुक्रवारच्या बाजारात बघेन.

वहिनी: आमच्याकडे होली स्पिरिटच्या फेस्ताला फेरी भरते, पुरुमेंताची. तिथे चिंच चांगली असते, मी घेऊन ठेवते तुमच्यासाठी.

चिऊ: पुरुमेंत हा शब्द कुठला?

वहिनी: पोर्तुगीज ‘प्रोव्हिमेंतो’. म्हणजे शिधा, साठवण. आपण बेगमी म्हणतो तेच. चार महिने पाऊस कोसळायचा, होडी दर्यात जायची नाही, गावातून म्हापशाला यायची वाट चिखलाची. तेव्हा एप्रिल-मे मध्ये घरात भरलं तेवढंच खायचं. पेज, खारा बांगडा भाजलेला, सुक्या सुंगटांची म्हणजे कोळंबीची किसमूर, सोलांची कढी. माझ्या सासूबाईंनी अख्खे पावसाळे त्यावर काढलेत.

म्हापशाची आत्या: आता वाट आहे, फ्रिज आहे, सगळं आहे. तरी मला वाटतं ही फेरी टिकायला हवी आणि ती आपण गेलो तरच टिकेल. कुंभारणी यंदा दोनच दिसल्या. पूर्वी ओळ असायची. कुंडलं, म्हणजे कालवणाचं मातीचं भांडं, घेताना बोटाच्या पेराने वाजवून बघत होते, तर कुंभारीण म्हणाली, आता वाजवून बघणारं कुणी येत नाही, सगळे फोटो काढतात. खणखणीत वाजलं. दोन घेतली. एक चिऊसाठी. त्यात हुमण, माशाची आमटी, करून बघ, गॅसवर चालतं, फक्त आधी रात्रभर पाण्यात बुडवून ठेव.

चिऊ: आत्या 🥹

दादा: आणि खाजें?

म्हापशाची आत्या: ते काय विचारायचं! गरम गुळाचा पाक शेवेवर ओतत होता तिथेच उभी राहिले. आलं आणि तीळ भरपूर. त्याने कलथ्याने परतता परतता मला एक तुकडा चाखायला दिला, जिभेला चटका बसला पण तो आल्याचा वास अजून नाकात आहे. अर्धा किलो आईसाठी बांधून आणलंय, मऊ पडायच्या आत पोचवायला हवं.

चिऊ: फेरी अजून आहे का?

म्हापशाची आत्या: फेस्त आज झालं, पण दुकानं लगेच उठत नाहीत. आहेत अजून.

चिऊ: मग मी उद्या रात्रीची बस पकडते. बुधवारी सकाळी म्हापसा. सुट्टी टाकली आत्ताच.

सावंतवाडीचे नाना: मी पण येतंय. बांद्याक गाडी धरतंय, धा वाजेपर्यंत पोचतंय.

दादा: आई म्हणतेय तिलाही यायचंय. गुडघ्याचं बघू, पण मागच्या सीटवर पाय पसरून बसेल. तेल स्वतःच्या हाताने वाहायचंय म्हणते.

म्हापशाची आत्या: आण तिला. गर्दी ओसरलेली असेल, मी पुढे जाऊन खुर्ची ठेवते. आणि चिऊ, येताना काचेच्या बरण्या घेऊन ये, चांगल्या उन्हात वाळवलेल्या. सोलां प्लास्टिकच्या पिशवीत घाम धरतात.